विनोद कुणाला वाचवतो?
‘दि ऑफिस’ या अमेरिकन मालिकेतील एका भागाच्या निमित्ताने

१

दलित समीक्षेने आजवर कवितेचा, आत्मकथनाचा, कथेचा आणि नाटकाचा कसोशीने विचार केला. पण आपली मुले रोज तास-दोन तास ज्या करमणुकीत घालवतात तिच्याकडे आपण ‘ती त्यांची करमणूक’ म्हणून पाठ फिरवली. हे मला धोक्याचे वाटते. पुस्तक वाचताना माणूस सावध असतो, हसताना तो सावध नसतो. भाषणातून जी मूल्ये कुणी आपल्या गळी उतरवू शकला नसता ती हसता हसता उतरतात. म्हणून कुठल्याही विनोदी कृतीला एक प्रश्न विचारलाच पाहिजे: हा विनोद कुणाला हसतो, आणि कुणाला हसू होण्यापासून वाचवतो?

या प्रश्नासाठी मी एक अमेरिकन मालिका निवडली आहे. अमेरिकेचे आपल्याला काय, असे कुणी म्हणू नये. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना. १९७२ साली आपल्या तरुणांनी ‘दलित पँथर’ हे नाव घेतले तेही तिथल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याकडे पाहूनच. तिथल्या समाजाचे बरेवाईट तपासण्याचा हक्क आपण केव्हाच मिळवला आहे.

मालिकेचे नाव ‘दि ऑफिस’. मूळ कल्पना ब्रिटिश. बीबीसीने ती २००१ ते २००३ या काळात दाखवली. अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर २००५ ते २०१३ अशी नऊ पर्वे चालली. २०१९ साली तिचे हिंदी रूपही आले, त्यातली कागदाची कंपनी फरिदाबादला होती. वाणिज्य आणि व्यवस्थापन शिकणारी आपली मुले ही मालिका मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहतात, त्यातल्या प्रसंगांची चित्रे एकमेकांना पाठवतात. उद्या ज्या कचेऱ्यांत त्यांना नोकरी करायची आहे त्या कचेऱ्यांची पहिली ओळख त्यांना इथे होते.

पेनसिल्व्हानिया राज्यातल्या स्क्रँटन या गावी डंडर मिफ्लिन नावाच्या काल्पनिक कागद कंपनीची शाखा आहे. स्क्रँटन हे एके काळचे कोळशाचे गाव. खाणी गेल्या, गाव उरले. अशा गावातल्या मध्यम पगाराच्या माणसांवर जणू एक माहितीपट काढला जात आहे, असा या मालिकेचा घाट आहे. पात्रे मधूनच कॅमेऱ्याकडे पाहतात, त्याच्याशी बोलतात. मागून पेरलेला हशा नाही. कुठे हसायचे हे प्रेक्षकाने ठरवायचे. म्हणजे हसण्याची जबाबदारीही प्रेक्षकाचीच.

२

या मालिकेच्या पाचव्या पर्वातला ‘प्रिन्स फॅमिली पेपर’ हा भाग २२ जानेवारी २००९ रोजी दाखवला गेला. त्याच्या दोनच दिवस आधी बराक ओबामा यांनी अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेतली होती. चार महिन्यांपूर्वी लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली होती. लोकांच्या नोकऱ्या जात होत्या; त्या वर्षाच्या ऑक्टोबरात तिथली बेकारी दहा टक्क्यांवर पोचली. अशा दिवसांत घराघरांत पाहिल्या गेलेल्या या विनोदाची गोष्ट थोडक्यात अशी:

न्यूयॉर्कच्या मुख्य कचेरीतला डेव्हिड वॉलेस हा मोठा अधिकारी स्क्रँटनचा शाखाप्रमुख मायकेल स्कॉट याच्यावर एक काम सोपवतो. जवळच्या टापूत प्रिन्स नावाच्या कुटुंबाची कागदाची छोटी कंपनी आहे. तिची माहिती काढायची. मायकेल आणि त्याचा उजवा हात ड्वाइट मोठ्या उत्साहाने हेरगिरीला निघतात. मायकेल गिऱ्हाईक बनतो, ड्वाइट नोकरी मागायला आलेला उमेदवार. प्रिन्स कुटुंबातली माणसे अतिशय साधी आणि अगत्यशील निघतात. मायकेल त्यांच्याबद्दल खात्री कुठे करून घेता येईल असे विचारतो, तेव्हा ते आपल्या गिऱ्हाइकांची यादीच त्याच्या हाती ठेवतात. आमचा माल कसा, आमची वागणूक कशी, ते यांनाच विचारा, म्हणून. निघताना मायकेल आपल्याच गाडीचा बंपर मोडून घेतो, तर हीच माणसे तो नीट करून देतात.

आता मायकेलला ती यादी जड होते. ती दिली तर हे कुटुंब धंद्यातून उठणार हे त्याला कळते. ड्वाइटला मात्र काही प्रश्न पडत नाही. यादी देण्या-न देण्यावरून दोघांची पळापळ होते, आपण हसतो. ड्वाइटच्या म्हणण्याचे सार एवढेच, की हा धंदा आहे, यात व्यक्तिगत काही नाही. शेवटी यादी वॉलेसकडे जाते. वॉलेस खूश होतो. त्या कुटुंबाचे पुढे काय झाले ते हा भाग सांगत नाही.

इकडे कचेरीत उरलेली मंडळी दिवसभर एका प्रश्नावर भांडत असतात: एक प्रसिद्ध अभिनेत्री सुंदर म्हणावी की नाही? दोन तट पडतात. तावातावाने युक्तिवाद होतात. मते मोजली जातात.

३

प्रथम या भागाचे श्रेय त्याला दिले पाहिजे. स्पर्धेमुळे माल स्वस्त होतो, गिऱ्हाइकाचे भले होते, जो लायक तो टिकतो, असे वाणिज्याच्या पाठ्यपुस्तकात आपण वाचतो आणि शिकवतोही. हा भाग दाखवतो की प्रिन्स कुटुंब हरते ते नालायक म्हणून नव्हे. त्यांची सेवा चांगली आहे, गिऱ्हाईक समाधानी आहे. त्यांनी आलेल्या माणसावर विश्वास ठेवला, एवढाच त्यांचा दोष. स्पर्धेच्या पोटात फसवणूक कशी वसलेली असते हे वीस-बावीस मिनिटांत इतक्या स्वच्छपणे सांगणे सोपे नाही. लेखक बी. जे. नोव्हाक यांनी ते सांगितले आहे. मायकेलच्या चेहऱ्यावरची अस्वस्थता स्टीव्ह करेल हा नट अशी दाखवतो, की हसणारा क्षणभर थबकतो.

पण थबकल्यावर तो जातो कुठे? इथे माझा आक्षेप सुरू होतो.

प्रिन्स कुटुंबाचा घास घेण्याचा निर्णय मायकेलचा नाही. तो वॉलेसचाही एकट्याचा नाही. तो कंपनीचा आहे. परंतु पापाचा सगळा विचार करायला लावला जातो तो मायकेलला. त्याने रडायचे, त्याने पळायचे, त्याने हास्यास्पद व्हायचे. हुकूम वरचा आणि पाप खालच्याचे. वॉलेस सौम्य बोलतो, आवाज चढवत नाही, वेड्यासारखे वागत नाही. सगळ्या भागात हसू न होणारा माणूस तोच. म्हणजे ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला विनोदाने हात लावला नाही. व्यवस्थेचा प्रश्न नोकराच्या मनाच्या टोचणीत बसवला, आणि टोचणी शमली की प्रश्नही मिटला.

आपल्या परंपरेतला विनोद याहून वेगळा आहे, याची आठवण ठेवावी. तमाशाच्या वगातला सोंगाड्या राजाची टोपी उडवतो. प्रधान, सावकार कुणी त्याच्या जिभेतून सुटत नाही. सत्यशोधकी जलशांनी भटजीला आणि सावकाराला हसे केले. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलशात हाच वारसा पुढे नेला. हा खालून वर जाणारा विनोद होता. त्याला शिष्टांनी ग्राम्य म्हटले. उलट मराठी मध्यमवर्गाने डोक्यावर घेतलेला विनोद पाहा. पु. ल. देशपांड्यांच्या ‘असा मी असामी’तला कारकून स्वतःच्या फजितीवर हसतो. त्या हसण्यात गोडवा आहे. पण आपली कचेरी कुणाच्या जिवावर चालते हे विचारण्याइतकी कडवट जाग त्यात येत नाही. ‘दि ऑफिस’ हे या दुसऱ्या घराण्याचे आहे.

कचेरीतल्या त्या दुसऱ्या कथानकाकडेही ‘हलकेफुलके’ म्हणून दुर्लक्ष करू नये. एका बाईच्या रूपावर दिवसभर चर्चा होते, प्रत्येकाला मत आहे, प्रत्येकाचे मत मोजले जाते. लोकशाहीचा सगळा सरंजाम तिथे हजर आहे. आणि ज्या निर्णयाने एक कुटुंब देशोधडीला लागणार त्या निर्णयावर मत विचारणे दूरच, त्याची कचेरीत चर्चाही नाही. ज्यावर मतदान होते ते बिनमहत्त्वाचे. जे महत्त्वाचे त्यावर मतदान नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी राजकारणातली समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनातली विषमता यांच्या विसंगतीचा जो इशारा दिला, त्याचे हे जणू लहानसे चित्र आहे. लेखकाने ही दोन कथानके शेजारी ठेवली. त्यांचा अर्थ आपणच लावायचा आहे.

या कचेरीच्या खाली एक गोदाम आहे, हेही सांगितले पाहिजे. तिथे माल चढवणारे-उतरवणारे कामगार आहेत. त्यांचा मुकादम डॅरिल हा कृष्णवर्णीय आहे. २००६ सालच्या ‘बॉइज अँड गर्ल्स’ या भागात या कामगारांत युनियन करण्याची गोष्ट निघते. मुख्य कचेरीची बाई खाली येऊन सांगते, की युनियन केली तर शाखाच बंद होईल. विषय संपतो, आणि आपण पुन्हा वरच्या मजल्यावर हसायला जातो. दोन भाग एकत्र पाहिले म्हणजे कळते: बाहेरच्या छोट्या कंपनीला संपवणारी स्पर्धा आणि आतल्या कामगाराला गप्प बसवणारी धमकी, दोन्ही एकाच खुर्चीतून निघतात. ज्या मायकेलने प्रिन्स कुटुंबाची यादी दिली तो दोन महिन्यांनी स्वतः कंपनीबाहेर पडून छोटी कागद कंपनी काढतो आणि डंडर मिफ्लिनची गिऱ्हाइके पळवतो. २०१० साली डंडर मिफ्लिन हीच दुसऱ्या कंपनीच्या घशात जाते आणि वॉलेसचीही नोकरी जाते. मासा मोठ्या माशाच्या पोटात, आणि मोठा त्याहून मोठ्याच्या. माणसे बदलतात, खुर्ची तीच राहते.

४

इथपर्यंत कुठलाही डावा समीक्षक आपल्याबरोबर येईल. पुढे मात्र आपल्याला थोडे एकटे चालावे लागेल.

हा भाग पाहणाऱ्याच्या मनात कळवळा उभा राहतो तो प्रिन्स ‘कुटुंबा’साठी. वडील, आई, मुलगा. घरचा धंदा, पिढीजात सचोटी. एका बाजूला निष्ठुर कंपनी आणि दुसऱ्या बाजूला मायाळू दुकान. मग आपण मनोमन दुकानाच्या बाजूने उभे राहतो. दलित वाचकाने हे इतक्या सहज करावे काय?

माझ्या आजीने दुकान पाहिले ते पायरीखालून. मीठ-मिरची वरून पदरात पडे. पैसे उंबऱ्याबाहेर ठेवायचे; दुकानदार त्यावर पाणी शिंपडून ते उचली. तो दुकानदार मनाने दुष्ट असेलच असे नाही. आपल्या माणसांशी तो प्रिन्ससारखाच अगत्याने वागत असेल, अडल्यानडल्याला उधार देत असेल. त्याच्याही चांगुलपणाला कुंपण होते, एवढेच. आपल्याकडे ‘पिढीजात धंदा’ या शब्दांचा अर्थच जात असा आहे. वाण्याच्या मुलाला पिढीजात गल्ला मिळाला, ढोराच्या मुलाला पिढीजात कातड्याचा कुंड. दोन्ही वारसेच.

अमेरिकेतही हे कुंपण नव्हते असे नाही. अलाबामा राज्यात बर्मिंगहॅम शहरी ‘ऑलीज बार्बेक्यू’ नावाची एका कुटुंबाची खानावळ होती, १९२७ पासूनची. तिच्या छत्तीस कामगारांपैकी दोनतृतीयांश कृष्णवर्णीय होते. पण कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला आत बसून जेवता येत नसे. त्याने अन्न बांधून घेऊन जायचे. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला तेव्हा या कुटुंबाने त्याविरुद्ध दाद मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर १९६४ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की खानावळ घरची असली तरी कायदा तिला लागू आहे. घरच्या धंद्याचा उंबरठा कुणासाठी उघडा आणि कुणासाठी बंद, हा प्रश्न त्या देशात कोर्टात सोडवावा लागला. ‘प्रिन्स फॅमिली पेपर’ पाहताना हा इतिहास कुणाला आठवू नये अशीच त्याची मांडणी आहे. मी असे म्हणत नाही, की प्रिन्स कुटुंब वर्णद्वेषी आहे. माझे म्हणणे असे, की मोठ्या भांडवलाच्या क्रौर्यावर छोट्या भांडवलाची माया हे उत्तर नव्हे.

आता त्या यादीचा विचार करू. कारण सगळी गोष्ट त्या एका कागदाभोवती फिरते. गिऱ्हाइकांची यादी म्हणजे काय? ती यंत्रसामग्री नाही, गोदामातला माल नाही, बँकेतला पैसा नाही. ती विश्वासाची नोंद आहे. या माणसाकडून माल घ्यायला हरकत नाही, असे शेकडो लोकांनी वर्षानुवर्षे ठरवले, त्याची ही नोंद. खरे भांडवल तेच. प्रिन्स कुटुंबाचे ते चोरले गेले, ही शोकांतिका. पण ज्याची यादी कधी बनूच दिली नाही त्याचे काय?

हे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून परतले आणि बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. अमेरिकेत आणि इंग्लंडात अर्थशास्त्राचा अभ्यास करून आलेल्या या माणसाकडे कचेरीतले शिपाई कागद दुरून फेकत. नोकरी सोडून ते मुंबईला आले. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होण्यापूर्वी त्यांनी शेअरच्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारी एक पेढी काढली. धनंजय कीरांच्या चरित्रात ही हकीकत आहे. आरंभी काम बरे चालले. पेढी अस्पृश्याची आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. पेढी बंद पडली.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. प्रिन्स कुटुंबाला संपवायला मोठी कंपनी लागली, हेर लागले, खोटे बोलावे लागले, यादी चोरावी लागली. बाबासाहेबांची पेढी संपवायला यातले काहीच लागले नाही. प्रतिस्पर्धी लागला नाही. सल्ला चुकला असेही कुणी म्हटले नाही. जात कळली, एवढे पुरले. ‘हा धंदा आहे, यात व्यक्तिगत काही नाही’ हे ड्वाइटचे तत्त्वज्ञान स्क्रँटनमध्ये अर्धे खोटे असेल. आपल्याकडे ते संपूर्ण खोटे आहे. आपल्याकडे धंद्यात गिऱ्हाईक आधी आडनाव विचारते आणि मग भाव.

५

हा जुना इतिहास झाला, असे म्हणणारे आज आपल्यातही आहेत. नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा, असा उपदेश आपल्या तरुणांना सर्व बाजूंनी होतो. २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांची ‘डिक्की’ ही संघटना स्थापन केली, तेव्हापासून या विचाराला संघटित रूप आले. दलिताने कारखाना काढू नये असे म्हणणारा मी कोण? गावगाड्याने ज्याला धंद्याचा उंबरठा चढू दिला नाही त्याने तो चढावा, हे न्याय्यच आहे. पण बाजाराला जात दिसत नाही, त्याला फक्त गुण दिसतो, हा जो विचार त्याबरोबर येतो तो तपासून घेतला पाहिजे.

सरकारचेच धोरण याची साक्ष देते. केंद्राच्या २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणाने सरकारी खाती आणि कंपन्या यांनी आपल्या वार्षिक खरेदीतला चार टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा असे ठरवले. बाजाराला जात दिसत नसती तर ही तरतूद कशासाठी करावी लागली असती? गिऱ्हाईक आपण होऊन येत नाही म्हणून ते कायद्याने आणावे लागते. ज्या यादीसाठी प्रिन्स कुटुंबाला फक्त चांगले वागावे लागले, त्या यादीसाठी आपल्याला आंदोलन करावे लागते.

आणि यादी मिळाल्यावर? तेव्हा वॉलेसचा फोन येतो. शेजारच्या छोट्या माणसाची माहिती काढ, असे कुणीतरी सौम्य आवाजात सांगते. त्या दिवशी आपला उद्योजक काय करील? १९३८ साली मनमाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांना ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. त्यांतल्या एकाला हरवण्यासाठी दुसऱ्याच्या घरी नोकरी धरणे, किंवा त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसणे, म्हणजे मुक्ती नव्हे. या मालिकेतच, ‘प्रिन्स फॅमिली पेपर’नंतर दोन महिन्यांनी, मायकेलच्या डोक्यावर चार्ल्स मायनर हा कृष्णवर्णीय वरिष्ठ येऊन बसतो. तो हुशार आहे, शिस्तीचा आहे. त्याच्या येण्याने गोदामातल्या डॅरिलला काय मिळाले हे मालिकेने आपल्याला सांगितलेले नाही.

विद्यार्थ्यांनी ही मालिका पाहू नये असे मी म्हणणार नाही. पाहावी, आणि हसावेही. मात्र हसून झाल्यावर चार प्रश्न वहीत लिहावेत. हुकूम कुणी दिला? पाप कुणाच्या माथी गेले? नुकसान ज्याचे झाले तो पुन्हा पडद्यावर आला काय? आणि ज्याला या शर्यतीत उभेच राहू दिले नाही तो कुठे आहे? शिक्षकांनी हे प्रश्न वर्गात घ्यावेत. स्पर्धेचा धडा पाठ्यपुस्तकापेक्षा यातून अधिक खरा शिकवता येईल.

आपल्या समीक्षेने ‘हे साहित्य कुणाचे, कुणासाठी’ हा प्रश्न विचारून मराठी साहित्यव्यवहाराला हादरा दिला. तोच प्रश्न आता हसण्याला विचारायची वेळ आली आहे. जो विनोद वॉलेसला सोडून देतो आणि मायकेलला पळवतो त्याला चतुर म्हणता येईल, त्याला निर्भय म्हणता येणार नाही. निर्भय विनोद आपल्या सोंगाड्याने केला. राजा समोर बसलेला असताना केला. तो वारसा सांगणाऱ्या लेखकांनी आजची कचेरी, आजची कंपनी, आजचे गोदाम लिहायला घ्यावे. आपली मुले आता तिथे पोचली आहेत. तिथे काय चालते हे त्यांना ठाऊक आहे, आणि त्यांना हसता येते.